टाळी कुठे पडली

भिंतीवर रंगवलेली नदी, नदीच्या पाण्यात उभा येशू. भिंतीच्या पुढ्यात काळे शर्ट आणि चंदेरी जाकिटं घातलेला गायकवृंद. त्यांच्या पुढे, व्यासपीठाशी, पांढऱ्या झग्यातली एक बाई. डोळे मिटलेले, कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. ती एक अक्षर उचलते आणि ते खाली ठेवायला तयारच होत नाही. वर नेते, वळवते, पाच-सहा स्वरांवरून उतरवते, पुन्हा वर नेते. मागे बसलेल्यांपैकी कुणाला राहवत नाही, कुणीतरी उठून उभं राहतं, कुणी तोंडावर हात धरतं. ती बाई म्हणजे अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन. तारीख १३ जानेवारी १९७२, गाव लॉस एंजेलिस, आणि गाणं ‘अमेझिंग ग्रेस’. या गाण्याच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, आणि त्यातून पुढे बनलेल्या चित्रपटालाही तेच नाव मिळालं.

या पदाचे शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ साली छापलेले. न्यूटन आधी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता, पुढे धर्मोपदेशक झाला. आज आपण ऐकतो ती चाल या शब्दांना १८३५ साली अमेरिकेत जोडली गेली. आपला मोठा अभंग जसा ६-६-६-४ अक्षरांत चालतो, तसं हे पद ८-६-८-६ अक्षरांत चालतं. चाल तीन-तीन मात्रांची, आणि तिच्यात स्वर पाचच: सा रे ग प ध. म्हणजे भूप रागाचेच स्वर. भूप गाणाऱ्या-ऐकणाऱ्याला ही चाल पहिल्या खेपेला ओळखीची वाटते ती त्यामुळे.

साध्या रीतीनं गायलं तर यातलं एक कडवं अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं. अरेथाच्या गाण्याची ध्वनिमुद्रिकेवरची लांबी पावणेअकरा मिनिटं आहे, आणि त्यात कडवी मोजकीच. ती सगळ्यात आधी तीन मात्रांचा झोका काढून टाकते. ठेका राहत नाही. राहतो तो फक्त पियानो आणि ऑर्गनचा आधार, आणि त्यावर आलापासारखा मोकळा चालणारा आवाज. मग त्या पाच स्वरांच्या मधल्या जागा ती भरू लागते. गंधार सरळ लावत नाही, खालून घासत आणते, कधी शुद्ध आणि कोमलच्या मध्येच कुठेतरी धरून ठेवते. गॉस्पेलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगायनात, गंधाराची ही जागा हक्काची आहे, आणि तिथे गाणारा काय करतो यावर त्याची पारख होते.

पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड. गॉस्पेलच्या जगातलं त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. गाण्याच्या मध्यावर कधीतरी त्यांचं साथीचं काम संपतं, कारण त्यांना रडू आवरत नाही. ते पियानोवरून उठतात, बाजूला जाऊन बसतात, चेहरा झाकून घेतात. गायकवृंदाचे संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन त्यांच्या जागी बसून साथ चालू ठेवतात. गाणं एका क्षणासाठीही डळमळत नाही. नुसती ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला पियानोवरचा माणूस बदलला हे कळायचं काही कारण नव्हतं. ध्वनिमुद्रिका जून १९७२ मध्ये आली आणि वीस लाखांहून जास्त खपली. इतक्या लोकांनी हे गाणं वर्षानुवर्षं ऐकलं, पण पियानोवरचे हात मध्येच बदलले हे त्यांना दिसायला २०१८ साल उजाडावं लागलं. मधली ४६ वर्षं चित्रपट डब्यात का पडून राहिला, ते समजून घेतलं तर तो पाहायचा कसा हेही कळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अरेथाचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू होते आणि त्यांची प्रवचनं ध्वनिमुद्रिकांवर विकली जायची. ती त्याच चर्चमध्ये गायला शिकली. क्लीव्हलँड एकेकाळी त्या चर्चचं संगीत सांभाळायचे आणि ते फ्रँकलिन कुटुंबातलेच झाले होते. १९६० साली ती लौकिक गाण्यांकडे वळली. १९६७ साली अटलांटिक कंपनीकडून तिची गाणी येऊ लागली आणि ती सोल संगीताची राणी ठरली. सोल म्हणजे काय, याचं सगळ्यात जवळचं उत्तर असं की चर्चमधला गळा तोच, फक्त देवाच्या जागी माणूस. त्यामुळे १९७२ च्या जानेवारीत ती पुन्हा चर्चची गाणी गायला उभी राहिली, तेव्हा गायकी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. सोबतीला आणलेले वादक तिच्या सोलच्या कार्यक्रमांतलेच होते: गिटारवर कॉर्नेल डुप्री, बेसवर चक रेनी, ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी, काँगावर पांचो मोरालेस. ऑर्गनवर केनेथ लपर. आणि क्लीव्हलँड यांचा गायकवृंद, सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर.

जागा होती वॉट्स भागातलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. वॉट्स म्हणजे १९६५ च्या ऑगस्टमध्ये सहा दिवस पेटलेली आणि ३४ माणसं गमावलेली कृष्णवर्णीयांची वस्ती. आणि ही चर्चची इमारत मूळची चित्रपटगृहाची. पाहताना हे लक्षात ठेवावं. आतल्या खुर्च्या, बुटकं व्यासपीठ, मधली वाट, सगळ्यावर त्याची खूण आहे. कथीड्रलसारखा घुमणारा आवाज इथे नाही. हॉल लहान आहे, आवाज पटकन विरतो आणि माणसं गाणाऱ्याच्या अगदी अंगाशी बसलेली आहेत. दोन रात्री, लागोपाठ.

चित्रीकरणासाठी आलेले दिग्दर्शक सिडनी पोलॅक. कथापटांत त्यांचं नाव झालेलं होतं, ऑस्करसाठी नामांकनही मिळालेलं. १६ मिलिमीटरचे कॅमेरे घेतलेले अनेक छायाचित्रकार चर्चभर पसरलेले. चित्रपटात पोलॅक स्वतःही दिसतात, बोटानं खुणा करत, कुणाला तरी कुठेतरी वळवत. दोन रात्रींत सुमारे वीस तासांचं फूटेज जमा झालं. आणि एकाही शॉटला क्लॅप दिलेला नव्हता.

क्लॅप म्हणजे ती काळी-पांढरी पाटी. तिच्यावर दृश्याचा क्रमांक लिहितात म्हणून ती क्रमांकाचीच पाटी आहे असा पुष्कळांचा समज असतो. तिचं खरं काम वरच्या बिजागरीच्या पट्टीत आहे. फिल्मच्या काळात कॅमेरा चित्र घ्यायचा, आवाज वेगळ्या यंत्रावर टेपवर जायचा. दोन्ही यंत्रं आपापल्या वेळी सुरू व्हायची. मग संकलनाच्या टेबलावर कुठलं चित्र कुठल्या आवाजावर बसवायचं? म्हणून पट्टी खाडकन आपटायची. पट्टी टेकली ती फ्रेम चित्रात नेमकी सापडते, ‘खट्’ आवाजाचा टोकदार ठसा टेपवर नेमका सापडतो. दोन्ही एका रेषेत लावले की पुढचा सगळा शॉट आपोआप जुळतो.

यात गोम अशी की कॅमेरा थांबला की जुळणी तुटते, आणि पुन्हा सुरू केला की पुन्हा टाळी लागते. १६ मिलिमीटर फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनी मिनिटाला ३६ फूट जाते. मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरची फिल्मची पेटी, चारशे फुटांचं धरलं तर अकरा मिनिटांत संपतं. म्हणजे पावणेअकरा मिनिटांचं ते एक गाणं जवळपास अख्खं मॅगझिन खातं. तीन मिनिटं आधी सुरू केलेला कॅमेरा ऐन रंगात आलेल्या गाण्यात रिकामा होतो. हाती कॅमेरा घेऊन गर्दीत फिरणारा माणूस फिल्म वाचवायला सतत चालू-बंद करत राहतो. वीस तास म्हणजे ४३ हजार फुटांहून जास्त फिल्म, तेरा किलोमीटर. शंभरावर मॅगझिनं, आणि त्यांत किती चालू-बंद याचा हिशोब वेगळाच. असे शेकडो तुकडे, आणि आवाजाच्या लांबच लांब टेपा. कुठला तुकडा कुठल्या टेपच्या कुठल्या सेकंदाचा, याला खूण एकही नाही.

प्रार्थना चालू असताना गाणाऱ्या बाईच्या तोंडासमोर पाटी कशी आपटायची, हा प्रश्न रास्त आहे. त्यालाही रीत होती. शॉटच्या शेवटी क्लॅप देता येतो. तेव्हा पाटी उलटी धरतात, म्हणजे संकलकाला कळतं की ही शेवटची खूण आहे, इथून मागे जुळवत जायचं. कथापटात हे सगळं सांभाळायला ठरलेली माणसं असतात, दिग्दर्शकाला पाटीकडे बघावंही लागत नाही. तिथली सवय इथे नडली असणार असं मला वाटतं. कथापटाच्या सेटवर सगळं थांबतं, क्लॅप होतो, मग अभिनय सुरू होतो. इथे काहीच कुणासाठी थांबत नव्हतं.

मग ओठ वाचणारी माणसं बोलावली गेली. मूकबधिरांशी बोलणारी, नुसत्या ओठांवरून शब्द ओळखणारी. हॅमिल्टन यांनाही बसवलं गेलं, कारण त्या रात्री कुठे काय गायलं गेलं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? महिनोन्महिने काम झालं आणि जुळून आलं ते फार थोडं. कारण गाण्यातच आहे. ओठ वाचणाऱ्याचा आधार म्हणजे ओष्ठ्य व्यंजनं: प, फ, ब, भ, म. त्या वेळी ओठ मिटतात आणि उघडतात, तेवढीच खूण लांबून दिसते. ‘अमेझिंग ग्रेस’ या दोन शब्दांत ओठ एकदाच मिटतात, ‘म’वर. बाकी सगळे स्वर, आणि जिभेनं, दातांनी किंवा घशात उच्चारलेली व्यंजनं. त्यात अरेथा एकेक स्वर सात-आठ सेकंद धरून त्याच्यावर हरकतींमागून हरकती घेते. तेवढा सगळा वेळ तोंड उघडं आहे ते उघडंच. आत गळ्यात काय चाललंय ते ओठांवर उमटत नाही. मध्येच ती ओठ मिटून गुणगुणते, तेव्हा सगळ्याच फ्रेम एकसारख्या. म्हणजे गाणं जिथे सगळ्यात भरलेलं आहे, नेमकं तिथेच ओठ वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय एकच ओळ ती चार वेळा चार तऱ्हांनी म्हणते. चित्रातला ‘म’ सापडला तरी तो चारांतला कुठला?

पुन्हा गाऊन घेणं, डबिंग, हाही मार्ग नव्हता. एकतर हे गाणं कुणी, अगदी तिनं स्वतः, पुन्हा तसंच गाऊ शकत नाही. आणि दुसरं, अशा जागी प्रत्येक माइकमध्ये अख्खा हॉल शिरलेला असतो. गाणारीच्या माइकमध्ये ड्रमची झांज आहे, मागच्या बायकांचे हुंकार आहेत, पहिल्या रांगेतली ‘येस!’ आहे. तिचा आवाज उचलून नवा बसवायला जावं तर जुना आवाज बाकीच्या माइकांतून भुतासारखा ऐकू येत राहतो. स्टुडिओत हा दोष मानतात, वाद्यांच्या मध्ये पडदे लावून टाळतात. इथे तो काढला असता तर गाणंच उरलं नसतं.

शेवटी डबे बंद झाले. २००७ साली ॲलन इलियट या निर्मात्यानं, घर गहाण टाकून, ते फूटेज विकत घेतलं. पोलॅक २००८ मध्ये गेले. तोवर फिल्म संगणकावर उतरवून चित्र आणि आवाज एकेका फ्रेमनं पुढेमागे सरकवून बघणं शक्य झालं होतं. असं काम करताना ओठ शेवटी घ्यायचे असतात. आधी शोधायची ती आदळणारी गोष्ट: ड्रमवर पडलेली काठी, पियानोच्या पट्टीवर आलेलं बोट, टाळी. आवाजाच्या आलेखावर अशा प्रत्येक ठोक्याचं टोक दिसतं. मात्र एक टाळी जुळली म्हणून हुरळून जायचं नाही, कारण लयीत हजार टाळ्या आहेत आणि चुकीच्या टाळीवरही चित्र क्षणभर छान बसतं. शॉटच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी जुळलं तरच ते खरं. यंत्रांच्या वेगात हजारात एकाचा जरी फरक असला, तरी अकरा मिनिटांत सोळा फ्रेमचा घोळ होतो, म्हणजे पाऊण सेकंदाला जरा कमी. सुरुवात चोख जुळलेली, आणि शेवटाला बाई गाऊन थांबल्यावर आवाज येतोय, असं होतं.

जुळणी झाल्यावरही चित्रपट अडकला. परवानगीवरून २०११ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये अरेथानं कोर्टाची वाट धरली. १६ ऑगस्ट २०१८ ला ती गेली. त्यानंतर कुटुंबाच्या संमतीनं नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला पहिला खेळ झाला. दीड तासाला जरा कमीच. मुलाखती नाहीत, कुणी आठवणी सांगत नाही. सुरुवातीच्या थोड्या मजकुरानंतर थेट चर्च. हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चार दशकांची एवढी हकिकत हाताशी असताना ती चित्रपटात घुसडली नाही.

आता दुसऱ्या टाळीबद्दल. पाटीवरची नव्हे, हातांची.

आपल्याकडे टाळी समेवर पडते. पहिली मात्रा वजनाची, बाकीचं चक्र तिच्याकडे धावतं. भजनाला बसलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. या चर्चमध्ये चार मात्रांच्या गाण्यात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. पहिल्या-तिसऱ्यावर पाय, दुसऱ्या-चौथ्यावर हात. आपल्या कानाला सुरुवातीला हे उलटं वाटतं, आणि ऐकता ऐकता हात नकळत पहिल्या मात्रेकडे घसरतो. एक करून बघावं: टाच जमिनीवर टेकवून पहिली आणि तिसरी मात्रा पायाला देऊन टाकावी आणि हात फक्त टाच वर उचलताना वाजवावा. दोन मिनिटांत कळतं की टाळी वर उचलण्यासाठी आहे. पहिल्या मात्रेवरची टाळी गाणं जमिनीवर आणून ठेवते. दुसऱ्या-चौथ्यावरची ते खाली टेकूच देत नाही. ‘हाऊ आय गॉट ओव्हर’सारख्या वेगाच्या गाण्यात पर्डीचा ड्रम आणि शेकडो हात एकाच वेळी त्या जागी पडतात, रेनीचा बेस मधून वाट काढत जातो, आणि समोर बसलेली माणसं उभी राहतात. दुसऱ्या रात्री मागच्या बाजूला रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर उभा आहे, तोही टाळ्या वाजवतोय. कॅमेरा त्याच्यावर फार रेंगाळत नाही, ते बरं.

टाळीइतकंच महत्त्वाचं आहे ते उत्तर. गॉस्पेलमध्ये ओळ गाणाऱ्याच्या मुखातून निघते आणि पुरी होते समोरच्यांच्या मुखात. कीर्तनात बुवांनी ओळ अर्धी सोडायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची, तसंच. मात्र इथे उत्तर ठरलेलं नसतं. ‘येस’, ‘सिंग इट’, नुसता हुंकार, कधी किंकाळी. गाणारी पुढच्या हरकतीला किती वेळ घ्यायचा ते या उत्तरावरून ठरवते. अरेथा हे कसं करते ते ‘मेरी डोन्ट यू वीप’मध्ये पाहावं. गोष्ट लाझरसची, मेरीच्या मेलेल्या भावाला येशू उठवतो ती. मागे गायकवृंद हळू आवाजात ‘मेरी, मेरी’ धरून ठेवतो, ठेका संथ, बेस जेमतेम. ती गोष्ट सांगत सांगत येते आणि म्हणते की आता त्याला तीनदा हाक मारली जाईल. आणि मग ‘लाझरस’ अशा तीन हाका येतात. प्रत्येक हाक वेगळ्या सुरावर, वेगळ्या लांबीची, आणि प्रत्येक हाकेनंतर ती थांबते. त्या थांबण्यात हॉल काय करतो ते बघायचं. ध्वनिमुद्रिकेत तिथे ओरडा ऐकू येतो. चित्रात दिसतं की ओरडण्याच्या आधी माणसं श्वास धरून बसलेली आहेत.

आणि आवाज चित्राच्या दोन फ्रेम जरी पुढे गेला असता तरी ही जागा गेली असती. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चौदा मीटर जातो, म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाला ती हाक जवळजवळ एक फ्रेम उशिरानेच ऐकू येत होती. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय असते. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. म्हणून आवाज चित्राच्या सव्वाशे मिलिसेकंद मागे पडेपर्यंत आपण चालवून घेतो, पण तो पंचेचाळीस मिलिसेकंद जरी पुढे गेला तरी खटकतं. हाकेआधी उत्तर आलेलं कानाला सहन होत नाही.

म्हणून घरी पाहताना काही गोष्टी तपासून घ्याव्यात. टीव्हीला ब्लूटूथचा स्पीकर किंवा हेडफोन लावला तर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. काही उपकरणं चित्र तेवढंच थांबवून हे भरून काढतात, सगळी नाही. टीव्हीच्या सेटिंगमधला ऑडिओ डिले बहुधा आवाज मागे ढकलतो, पुढे आणत नाही, त्यामुळे आधीच मागे पडलेल्या आवाजावर त्याचा उपयोग होत नाही. तार लावावी. जुळलंय की नाही ते अरेथाच्या ओठांवर तपासू नये, वर सांगितलेल्याच कारणानं. पर्डीची काठी किंवा गायकवृंदाच्या टाळ्या बघाव्यात. चित्र गुळगुळीत करणारी सोय, टीव्हीवर तिचं नाव काहीही असो, बंद करावी. ती २४ फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम भरते आणि हात वितळल्यासारखे दिसतात. चित्र दाणेदार आहे, काही शॉट फोकस शोधत शोधत येतात, ते तसंच असू द्यावं. रात्रीसाठीचा आवाज समान करणारा मोड मात्र हमखास घात करतो. त्यात तिचं गुणगुणणं आणि तिची किंकाळी एकाच पातळीवर येतात.

पहिल्यांदा पाहताना अरेथावरून नजर हलत नाहीच. दुसऱ्यांदा हॅमिल्टनकडे बघावं. गायकवृंदाला खूण करताना ते बोटांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं शरीर वापरतात. अरेथा ओळ लांबवते तेव्हा त्यांचा हात हवेत थांबलेला असतो, आणि मागे पंचवीस-तीस माणसं त्या हातावर डोळे लावून श्वास धरून असतात. तिसऱ्यांदा फक्त ऑर्गन ऐकावा. अशा चर्चमध्ये ऑर्गनच्या जोडीला फिरत्या कर्ण्याचा लेस्ली स्पीकर असतो. त्याला दोन वेग: संथ असताना कर्णा सेकंदाला एकदाही पुरा फिरत नाही, जलद असताना सहा-सात वेळा फिरतो. कळ दाबल्याबरोबर वेग बदलत नाही, कर्णा हळूहळू वेग घेतो, आणि तो वेग घेतानाचा आवाज छातीत काहीतरी भरून यावं तसा वाढत जातो. गाणारी एखाद्या स्वरावर चढायला लागली की ऑर्गनवाला ती कळ दाबतो. नेमकं कधी दाबायची, यात सगळी साथ आली. बोलणं तर अरेथा जवळपास करतच नाही. निवेदन, चुटके, लोकांना सावरणं हे सगळं क्लीव्हलँड करतात.

दुसऱ्या रात्री ती हिरव्या झग्यात आहे. पुढच्या रांगेत वडील आले आहेत. त्यांच्यासोबत क्लारा वॉर्ड, जिच्या गायकीवर अरेथाचा सगळा पिंड पोसला, आणि जिच्या नावावर ‘हाऊ आय गॉट ओव्हर’ आहे. एका वर्षानं, जानेवारी १९७३ मध्ये, क्लारा गेली. गॉस्पेलची दुसरी मोठी गायिका महालिया जॅक्सन तर या दोन रात्रींनंतर तेराव्या दिवशी, २७ जानेवारीला गेली, आणि तिच्या अंत्यविधीला अरेथा गायली. चर्चमध्ये बसलेल्यांपैकी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे क्लाराच्या चेहऱ्यावर कॅमेरा येतो तेव्हा तो थोडा जास्त थांबावा असं वाटत राहतं.

वडील उठून दोन शब्द बोलतात. मुलीनं चर्च सोडलं अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. ते सांगतात की तिनं ते कधी सोडलंच नव्हतं.

मग अरेथा स्वतः पियानोवर बसते आणि ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ काढते. म्हातारपण नसलेल्या गावाचं पद. १९५६ साली, चौदा वर्षांची असताना, डेट्रॉइटला वडिलांच्या चर्चमध्ये तिनं जी पहिली गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतलंच हे एक. आता ती एकोणतीस वर्षांची आहे. चित्रीकरणाच्या दिव्यांनी हॉल तापला आहे आणि घाम कपाळावरून डोळ्यांकडे उतरतोय. दोन्ही हात पियानोवर, तोंड माइकशी; पुसायला सवड नाही. पुढच्या रांगेतून वडील उठतात, खिशातला रुमाल काढत पियानोपाशी येतात आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसं तिचं कपाळ पुसतात, गाल पुसतात. ती डोळे उघडत नाही. ओळ मध्यावर आहे, ती गात राहते.